देवळाली ते डूलॅली : एका इंग्रजी विशेषणाच्या उच्चाराचा आणि अवयवविभागणीचा इतिहास

सारांश

इंग्रजी भाषेत 'डूलॅली' हे विशेषण 'डोके फिरलेला', 'भ्रमिष्ट' या अर्थाने वापरले जाते. नाशिकजवळील देवळाली या गावाच्या नावापासून ते तयार झाले आहे. प्रस्तुत निबंधात या शब्दाची उच्चारदृष्ट्या फोड करून, ग्रामनामाचे विशेषण होताना कोणते ध्वनी गळले, कोणते बदलले आणि बलाघात कोठे पडला याचा विचार केला आहे. हे बदल नियमबद्ध असून ते देवळालीच्या छावणीतील भाषिक व सामाजिक व्यवहाराचा पुरावा म्हणून वाचता येतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : देवळाली, उच्चारावयव, बलाघात, लष्करी छावणी, ग्रामनाम, अपभ्रंश.

१. प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, नाणी, वास्तू यांचा उल्लेख प्रथम होतो. शब्दांचा साधन म्हणून उपयोग वि. का. राजवाडे यांच्यासारख्या इतिहासकारांनी मराठीत पूर्वीच करून दाखविला आहे. तथापि मराठी मुलखातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांकडे या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. असे शब्द बहुधा 'इंग्रजांनी केलेले अपभ्रंश' या एका शेऱ्याने निकालात काढले जातात. पुण्याचे 'पूना', खडकीचे 'किर्की', भायखळ्याचे 'बायकला', शीवचे 'सायन' ही त्याची नेहमीची उदाहरणे होत.

देवळालीचे उदाहरण या सर्वांहून वेगळे आहे. पूना किंवा किर्की ही रूपे ग्रामनामेच राहिली. देवळालीचे मात्र ग्रामनामाबरोबरच एक विशेषण झाले आणि ते इंग्रजी शब्दकोशात गेले. विशेष म्हणजे, ग्रामनामाचे कागदावरील इंग्रजी रूप आणि विशेषणाचे रूप ही दोन्ही एकमेकांपासून बरीच दूर आहेत. एकाच गावाच्या एकाच नावाची एकाच भाषेत अशी दोन भिन्न रूपे का झाली, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

इंग्रजीत ज्याला 'सिलॅबल' म्हणतात त्यासाठी येथे 'उच्चारावयव' अथवा केवळ 'अवयव' ही संज्ञा योजली आहे. 'अक्षर' हा शब्द लिपीतील चिन्हापुरता मर्यादित ठेवला आहे, कारण या दोहोंतील फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

नाशिकच्या दक्षिणेकडील देवळाली येथे १८६१ साली ब्रिटिश लष्कराची छावणी उभी राहिली. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर मुंबई बंदर आणि घाटमाथा यांतील प्रवास सुकर झाला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि इंग्लंडहून येणाऱ्या-जाणाऱ्या लष्करी जहाजांचा मार्ग आखूड झाला. मुंबईहून लोहमार्गाने सुमारे १८० किलोमीटर अंतरावर, कोरड्या व तुलनेने थंड हवेच्या पठारावर वसलेली देवळाली ही या वाहतुकीतील विसाव्याची जागा बनली. नवीन आलेल्या तुकड्या येथून उत्तरेकडे व दक्षिणेकडे पाठविल्या जात आणि नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाण्यासाठी येथे गोळा होत.

सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा एक ठरावीक हंगाम असे व तो साधारणपणे हिवाळ्यात पडे. हंगाम संपल्यावर देवळालीस पोहोचलेल्या सैनिकाला पुढील हंगामापर्यंत तेथेच थांबावे लागे. त्याची नोकरी संपलेली, कवायत जवळजवळ नाही, घरी जाण्याची तारीख निश्चित नाही, अशी ती अवस्था असे. रॉयल वेल्श फ्युझिलिअर्स या पलटणीतील फ्रँक रिचर्ड्स या साध्या सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील आठवणींमध्ये या निष्क्रिय वाट पाहण्याचे आणि त्यातून बिघडणाऱ्या माणसांचे वर्णन आले आहे. उन्हाळा, हिवताप, दारू, गुप्तरोग आणि रिकामपण यांच्या एकत्रित परिणामाने काहीजण विचित्र वागू लागत. अशा सैनिकाला 'डूलॅली टॅप' झाला आहे, असे त्याचे सोबती म्हणत.

एडवर्ड फ्रेझर व जॉन गिबन्स यांच्या सैनिक व खलाशी यांच्या बोलीच्या १९२५ सालच्या कोशात हा शब्दप्रयोग नोंदविलेला आहे. पुढे 'टॅप' हा अर्धा भाग गळाला आणि 'डूलॅली' हे एकटे विशेषण नागरी इंग्रजीत रूढ झाले. ते बहुधा नामाच्या आधी न येता विधेयात येते, म्हणजे 'तो डूलॅली झाला' अशा प्रकारे. मूळचा प्रयोग आजाराविषयीचे विधान होता, याची खूण या वाक्यरचनेत शिल्लक राहिली आहे.

३. मराठी उच्चार : चार अक्षरे, तीन अवयव

'देवळाली' या शब्दात देवनागरी लिपीची चार अक्षरे आहेत : दे, व, ळा, ली. परंतु मराठी भाषक तो उच्चारताना 'व' मधील अकार गाळतो. प्रत्यक्षात देव्-ळा-ली असे तीनच अवयव ऐकू येतात. 'करवत', 'देवघर', 'नवरा' या शब्दांतही लेखन आणि उच्चार यांत असाच फरक पडतो.

या तीनही अवयवांचे वजन पाहिले तर तिन्ही गुरू आहेत. 'देव्' हा व्यंजनान्त असल्यामुळे गुरू, 'ळा' व 'ली' हे दीर्घ स्वरामुळे गुरू. मराठीत बलाघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि कोणत्याही एका अवयवावर इतका जोर पडत नाही की शेजारचा अवयव पुसट व्हावा. त्यामुळे तिन्ही अवयव जवळपास सारख्या स्पष्टतेने उच्चारले जातात. इंग्रजीची प्रवृत्ती नेमकी याउलट आहे. तीन अवयवांच्या शब्दात एक अवयव प्रमुख होतो आणि उरलेले दोन त्याच्या तुलनेने दुबळे होतात. तीन समान गुरूंचा मराठी शब्द इंग्रजी कानावर पडला तेव्हा पहिला प्रश्न हा होता की, यांपैकी जोर कोणावर द्यायचा.

४. इंग्रजी उच्चार : तीन बदल

इंग्रजीत हा शब्द डू-लॅ-ली असा तीन अवयवांत उच्चारला जातो आणि बलाघात मधल्या 'लॅ' वर पडतो. अवयवांची संख्या बदललेली नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. ज्याने हा शब्द इंग्रजीत नेला त्याने लिपीतील चार अक्षरे मोजली नव्हती, तर मुखातील तीन अवयव ऐकले होते. आता प्रत्येक अवयवातील बदल क्रमाने पाहू.

पहिला अवयव 'देव्' याचा 'डू' झाला. मराठीत अवयवाच्या शेवटी येणारा 'व्' ओठ गोलावून, जवळपास 'उ' सारखा उच्चारला जातो. म्हणून 'देव्' हा इंग्रजी कानाला 'देउ' असा संयुक्त स्वर वाटणे स्वाभाविक होते. ए आणि उ यांचा असा संयोग इंग्रजीत नसल्यामुळे त्यातील अधिक ठळक, गोलावलेला भाग टिकला व पहिला भाग लोपला. दंत्य 'द' ची जागा इंग्रजीच्या वर्त्स्य ध्वनीने घेतली. मराठी माणूस तो ध्वनी 'ड' असा लिहितो.

दुसरा अवयव 'ळा' याचा 'लॅ' झाला. येथे दोन बदल आहेत. 'ळ' हा मूर्धन्य ध्वनी इंग्रजीत नाही, म्हणून तो 'ल' झाला असे सहज म्हणता येईल. परंतु एक टप्पा मध्ये असण्याचा संभव आहे. प्रमाण हिंदी-उर्दूतही 'ळ' नाही. हिंदीत आजही 'देवलाली' असेच लिहिले जाते. छावणीतील व्यवहाराची भाषा हिंदुस्थानी होती. शिपाई, खानसामे, भिश्ती आणि फेरीवाले यांच्याशी गोरा सैनिक ज्या मोडक्यातोडक्या बोलीत बोले ती मराठी नव्हती. म्हणजे 'ळ' इंग्रजांच्या कानापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गळाला असणे शक्य आहे.

दीर्घ 'आ' चा ऱ्हस्व 'अ‍ॅ' होणे हा बदल इंग्रजीच्या आपल्या शब्दांच्या ओढीने झालेला दिसतो. 'रॅली', 'व्हॅली', 'अ‍ॅली' (गल्ली) असे तालाने जुळणारे शब्द इंग्रजीत विपुल आहेत आणि नवा शब्द त्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. 'खाकी' या शब्दातील 'आ' अमेरिकी उच्चारात 'अ‍ॅ' होतो, हे त्याचे समांतर उदाहरण होय.

तिसरा अवयव 'ली' आघातहीन झाल्यामुळे आखूड झाला. त्याचबरोबर तो लिखाणात 'एल-वाय' असा आला. इंग्रजीतील 'सिली', 'फ्रेंडली' यांसारख्या अनेक विशेषणांचा शेवट असाच होतो. परक्या ग्रामनामाला विशेषणाचे रूप सहज चिकटले, यामागे या योगायोगाचाही वाटा असावा.

५. 'ब्लायटी' शी तुलना

याच सैनिकी बोलीतील दुसरा प्रसिद्ध शब्द 'ब्लायटी' होय. तो 'विलायती' या शब्दाच्या 'बिलायती' या बोलीरूपापासून आला आणि त्याचा अर्थ मायदेश, म्हणजे इंग्लंड असा झाला. 'बि-ला-य-ती' या रूपातील आघातहीन 'बि' मधील स्वर पूर्णपणे गळाला, 'ब' पुढच्या 'ल' ला जोडला गेला आणि दोनच अवयवांचा शब्द उरला.

मग 'डूलॅली' चा पहिला अवयव का गळाला नाही? दीर्घ स्वर सहजासहजी लोपत नाही, हे एक कारण देता येते. दुसरे कारण इंग्रजीच्या ध्वनिरचनेत आहे. इंग्रजीत शब्दारंभी 'ब्ल' हे जोडव्यंजन चालते. 'ब्लू', 'ब्लॅक', 'ब्लड' हे रोजचे शब्द आहेत. 'ड्ल' ने मात्र इंग्रजीतील शब्द सुरू होत नाही. पहिल्या अवयवातील स्वर गळला असता तर शब्द इंग्रजी जिभेला उच्चारताच आला नसता. दोन शब्द एकाच बोलीतून, एकाच वर्गाच्या तोंडून इंग्रजीत गेले. त्यांपैकी एक आखडला व दुसरा टिकला, याला इंग्रजीचे नियम कारण झाले. हा भेद ध्यानात घेता 'गोऱ्या सैनिकांनी वाटेल तसा उच्चार केला' हे म्हणणे टिकत नाही.

६. कागदावरची विभागणी

इंग्रजी शब्दाचे अवयव कसे पाडावेत, हा प्रश्न इंग्रजीतही दीर्घकाळ वादाचा होता. अठराव्या शतकातील डिल्वर्थ यांच्या पाठ्यपुस्तकाच्या परंपरेत 'क्लस्टर' हा शब्द क्ल-स्टर असा तोडला जाई. १७८३ सालच्या आपल्या स्पेलिंगच्या पुस्तकात नोआ वेब्स्टर यांनी तो कानाला ऐकू येतो तसा क्लस-टर तोडावा, असा आग्रह धरला. १७९१ मध्ये जॉन वॉकर यांच्या उच्चारकोशाने शब्दांची अवयवशः फोड व स्वरांचे अंक देऊन उच्चार दाखविण्याची पद्धत लोकप्रिय केली.

'डूलॅली' च्या बाबतीत या दोन दृष्टी आजही वेगळ्या पडतात. छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाल्यास दोन 'एल' च्या मधून तोडून डू-लॅल-ली असे तीन भाग केले जातात. बोलण्यात मात्र 'ल' एकदाच उच्चारला जातो. दुसरा 'एल' उच्चारासाठी नसून, मागचा स्वर ऱ्हस्व आहे हे वाचकाला कळावे म्हणून आहे. एका 'एल' चा 'होली' म्हणजे पवित्र आणि दोन 'एल' चा 'हॉली' म्हणजे एक झाड, ही जोडी हाच नियम दाखविते. मराठी विद्यार्थी द्वित्त पाहून 'डूलल्ली' असा उच्चार करतो तेव्हा तो आपल्या लिपीच्या नियमाला अनुसरत असतो. 'गल्ली', 'दिल्ली' या शब्दांत लिहिलेले द्वित्त उच्चारलेच जाते. विद्यार्थ्याची चूक कोणत्या नियमातून आली हे शिक्षकास ठाऊक असेल, तर ती दुरुस्त करणे सोपे जाते.

७. दोन रूपे, दोन वर्ग

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सरकारी कागदांत या गावाचे नाव डी-ई-ओ-एल-ए-एल-आय असे लिहिले गेले. 'देव' चे 'देओ' करण्याची ही कारकुनी पद्धत इतर अनेक ग्रामनामांतही आढळते. छावणी मंडळाच्या नावात हे रूप राहिले आहे. रेल्वे स्थानकाच्या नावात त्याऐवजी 'व्ही' घालून केलेले, मराठी उच्चाराला जवळचे रूप आहे. या दोन्ही रूपांत देवनागरी अक्षरांचे रोमन लिपीत लिप्यंतर करण्याचा प्रयत्न दिसतो. ती डोळ्यांनी घडविलेली रूपे आहेत.

'डूलॅली' हे रूप कानांनी घडविलेले आहे. ते घडविणारा सैनिक नकाशे व आज्ञापत्रे लिहिणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने हे नाव फलाटावर, बराकीत, बाजारात ऐकले आणि आपल्या जिभेच्या सवयीने पुन्हा उच्चारले. त्याचे स्पेलिंग शब्द रूढ झाल्यानंतर, ध्वनीवरून ठरले. म्हणूनच विशेषणाच्या स्पेलिंगमध्ये गावाच्या अधिकृत स्पेलिंगचा मागमूस नाही. साम्राज्याच्या सेवेतील अधिकारीवर्ग व सामान्य सैनिक यांतील अंतर या दोन रूपांमध्ये नोंदले गेले आहे.

'टॅप' हा शब्दही याच निष्कर्षाला पुष्टी देतो. मराठीत ज्वराला 'ताप' म्हणतात आणि 'डोक्याला ताप' हा प्रयोग तर घरोघरी चालतो. त्यामुळे हा अर्धा शब्द मराठीतून गेला असावा, असा समज सहज होतो. परंतु मराठीत 'ता' दीर्घ आहे. हिंदुस्थानीत, फारसी परंपरेने आलेला 'तप' हा ऱ्हस्व स्वराचा शब्द ज्वर याच अर्थी रूढ होता. क्षयरोगाला 'तप-ए-दिक' म्हणत. इंग्रजीतील ऱ्हस्व 'टॅप' त्याच्याशी अधिक जुळतो. म्हणजे गावाचे नाव मराठी असले तरी शब्दप्रयोग घडला तो छावणीच्या हिंदुस्थानी बोलीत. शब्दाच्या उच्चारात आसपासच्या मराठी गावकऱ्यांचा आवाज जवळजवळ नाही, हेही एक ऐतिहासिक वास्तव होय.

८. 'अपभ्रंश' म्हणजे काय?

हीच प्रक्रिया उलट दिशेनेही घडली. 'पलटण' या मराठी शब्दाची व्युत्पत्ती 'बटालियन' व 'प्लटून' या दोन्ही शब्दांशी जोडली जाते. यांपैकी कोणत्याही शब्दात 'ण' नाही. तो मराठी कानाने घातला. इंग्रजी जिभेने देवळालीचा 'ळ' गमावला आणि मराठी जिभेने परक्या पलटणीला 'ण' दिला. 'लॉर्ड' चा 'लाट' आणि 'स्टेशन' चे 'टेशन' हीही याच जातीची उदाहरणे आहेत.

ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने या दोन दिशांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. प्रतिष्ठेच्या दृष्टीने मात्र मोठा फरक पडला. 'टेशन' म्हणणारा गावकरी अडाणी ठरला आणि 'डूलॅली' म्हणणाऱ्या सैनिकाचा उच्चार ऑक्सफर्डच्या कोशात प्रमाण म्हणून दाखल झाला. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. त्यामुळे उच्चाराची शुद्धाशुद्धता आज खेड्यातील लहान मुलांपर्यंत पोहोचलेली आहे. प्रमाण उच्चार शिकविणे आवश्यक आहेच, कारण परस्परांना समजण्यासाठी एक समान पातळी लागते. परंतु अशुद्ध उच्चार हा बुद्धीचा दोष नसून एका भाषेच्या नियमांनी दुसरी भाषा ऐकल्याचा परिणाम आहे, हे देवळालीच्या उदाहरणावरून इंग्रजी अध्यापकास सप्रमाण सांगता येईल.

९. शब्दामागील माणसे

देवळालीत वेड्यांचे मोठे इस्पितळ होते म्हणून हा शब्द आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. रिचर्ड्स यांच्या आठवणींत भर आहे तो वाट पाहण्यावर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीसही मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक देवळालीच्या तळावर जहाजांची प्रतीक्षा करीत होते. या छावणीत नोकरी केलेल्या जिमी पेरी यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह लिहिलेली 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर गाजली. तिचे कथानक आरंभी देवळालीतच घडते. तोपर्यंत या शब्दातील वेदना ओसरून केवळ विनोद उरला होता.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणीही देवळालीत होती. त्यांचे वाट पाहणे अधिक कठीण होते, कारण परतण्यासाठी त्यांना घरच उरले नव्हते. त्या प्रतीक्षेचे विशेषण कोणत्याही कोशात गेले नाही. कोणाचे दुःख शब्दात टिकते आणि कोणाचे टिकत नाही, हेही भाषेच्या इतिहासातून दिसते.

एका गावाच्या नावाला वेडाचा अर्थ चिकटावा, ही त्या गावावर अन्याय करणारी बाब होय, असे नाशिककरांस वाटणे साहजिक आहे. तथापि मराठी भाषक या बाबतीत निर्दोष नाहीत. 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्यात टाका' असे उद्गार तेथील मनोरुग्णालयांमुळे मराठीत सर्रास काढले जातात. मनोरुग्णांचा सन्मान राखण्याची अपेक्षा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्पष्ट शब्दांत व्यक्त केली आहे. दोन्ही भाषांतील या प्रयोगांचा त्या दृष्टीने पुनर्विचार व्हावयास हवा.

१०. निष्कर्ष

१) 'देवळाली' चे 'डूलॅली' होताना अवयवांची संख्या तीनच राहिली. यावरून शब्दाचा प्रवास लेखनातून न होता श्रवणातून झाला, हे दिसते.

२) 'देव्' चा 'डू', 'ळा' चा 'लॅ' आणि मधल्या अवयवावरील बलाघात हे बदल इंग्रजीच्या ध्वनिनियमांना धरून आहेत.

३) 'ळ' चा लोप आणि 'तप' मधील ऱ्हस्व स्वर यांवरून छावणीतील मध्यस्थ भाषा हिंदुस्थानी असल्याचे सूचित होते.

४) कार्यालयीन स्पेलिंग व सैनिकी विशेषण ही दोन रूपे ब्रिटिश लष्करातील दोन सामाजिक स्तरांची निदर्शक आहेत.

५) 'अपभ्रंश' ही संज्ञा ध्वनिबदलापेक्षा बोलणाऱ्याच्या प्रतिष्ठेविषयी अधिक सांगते.

नाशिक परिसरातील महाविद्यालयांत इंग्रजी, मराठी व इतिहास हे विभाग शेजारी-शेजारी असूनही त्यांचे अध्यापन स्वतंत्रपणे चालते. देवळालीचा हा एक शब्द तिन्ही विभागांनी एकत्र शिकविता येण्याजोगा आहे. स्थानकाच्या फलकावरील नाव, कोशातील विशेषण आणि गावकऱ्यांच्या तोंडचा उच्चार ही तिन्ही साधने विद्यार्थ्यांच्या हाताशी असून, त्यांपैकी गावकऱ्यांचा उच्चार अद्याप कोणी पद्धतशीरपणे नोंदवून ठेवण्याची गरज आहे.